परवडणाऱ्या गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या प्रतीक्षायादीत नाव आहे. घर मिळेपर्यंतच्या काळात काय करावे?

प्रश्न

नमस्कार. परवडणारी घरे देणाऱ्या एका गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या प्रतीक्षायादीत आमचे नाव आहे. संस्थेची सर्व घरे सभासदांच्या सामूहिक मालकीची आहेत. आत जाताना ठरलेले भागभांडवल भरायचे, दरमहा प्रत्यक्ष खर्चाइतकेच शुल्क द्यायचे आणि घर सोडताना भरलेले भांडवल परत घ्यायचे, अशी तिथली पद्धत आहे. घर बाजारभावाने विकता येत नाही, हे आम्हाला अर्ज करतानाच स्पष्ट सांगितले गेले होते आणि ते आम्हाला मनापासून मान्य आहे. घराकडे गुंतवणूक म्हणून आम्ही कधी पाहिलेच नाही. मुलीची शाळा दर दोन वर्षांनी बदलावी लागू नये आणि घरमालकाच्या एका निरोपावर संसार हलवावा लागू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.

अडचण अशी की अलीकडे आम्ही यादीतील आमचा क्रमांक विचारला, तेव्हा तो मागील वर्षीपेक्षा खाली गेल्याचे कळले. कार्यालयातून दूरध्वनीवर "असे होत असते" एवढेच उत्तर मिळाले. क्रमांक पुढे सरकला नाही तर समजू शकते, पण तो मागे कसा जातो, हे आम्हाला उमगत नाही. त्यातच सध्याच्या भाड्याच्या घराचा करार संपत आला असून घरमालकांना या वेळी दीर्घ मुदतीचा करार हवा आहे. तो केला आणि मध्येच संस्थेकडून बोलावणे आले तर काय करायचे? भागभांडवलासाठी साठवलेली रक्कम मोकळी ठेवावी की कुठे गुंतवावी? आणि वारंवार चौकशी केल्याने समितीचे आपल्याविषयीचे मत वाईट होते का? ज्यांना या पद्धतीची आतून माहिती आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : एका संस्थेत प्रतीक्षायादीचे काम पाहिलेला सभासद

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्या संकोचापायी अनेक जण स्वतःचे नुकसान करून घेतात. वर्षातून एक-दोनदा, शक्यतो लेखी, चौकशी केल्याने कोणाचेही मत वाईट होत नाही. क्रम ठरवण्याचा नियम लेखी असेल तर समितीच्या मताला तिथे वावच नसतो, आणि नियम लेखी नसेल तर तो लेखी करून घेण्याची मागणी करणे हेच योग्य आहे. यादीतील आपले स्थान कोणत्या नियमाने ठरले, हे विचारण्याचा अर्जदाराला पूर्ण अधिकार आहे.

आता क्रमांक मागे का जातो, ते सांगतो. बाहेरून पाहणाऱ्याला यादी एकच दिसते. प्रत्यक्षात बहुतेक संस्थांमध्ये त्या निदान दोन असतात, आणि प्रत्येक यादीचे सदनिकेच्या आकारानुसार पुन्हा भाग पडतात. पहिली यादी आत राहणाऱ्या सभासदांची असते. कोणाचे कुटुंब वाढलेले असते, कोणाला जिने चढणे अशक्य झाल्याने तळमजला हवा असतो, कोणाची मुले दूर गेल्याने मोठे घर सोडून लहान घरात जायचे असते. घर रिकामे झाले की ते आधी या आतल्या यादीला विचारले जाते आणि तिथे कोणी घेतले नाही, तरच बाहेरच्या यादीकडे येते. काही संस्था दोन्ही याद्या एकत्र करून क्रमांक सांगतात. अशा वेळी आतल्या चार कुटुंबांनी बदलीचा अर्ज केला की बाहेरचे सगळे अर्जदार चार पायऱ्या खाली जातात. त्याशिवाय अपंगत्व, घरातील हिंसाचारामुळे घर सोडावे लागणे, इमारत पाडल्यामुळे बेघर होणे अशा कारणांसाठी अनेक ठिकाणी अग्रक्रम दिला जातो, आणि जिथे तारखेऐवजी गुणांवर क्रम लागतो तिथे नवा अर्जदारही तुमच्या पुढे जाऊ शकतो. यांपैकी कोणतेही कारण असेल तर त्यात अन्याय झाला असे मी म्हणणार नाही.

एक कारण मात्र गंभीर आहे आणि ते तुम्ही आधी तपासावे. अनेक संस्था वर्षातून एकदा सर्व अर्जदारांना पत्र पाठवून "आपणास अद्याप घर हवे आहे का?" असे विचारतात. त्याचे उत्तर मुदतीत गेले नाही तर नाव वगळले जाते, किंवा नंतर पुन्हा घेतले तर नव्या तारखेने घेतले जाते. तुमच्या नावापुढे अर्जाची मूळ तारीखच आहे ना, एवढे पहिल्यांदा विचारून घ्या.

हे मी तळमळीने लिहितो आहे, कारण तो प्रकार मी जवळून पाहिला आहे. घर रिकामे झाले की आम्ही संध्याकाळी कार्यालयात नोंदवही घेऊन बसत असू. पहिल्या नावाचा दूरध्वनी क्रमांक बंद. दुसऱ्या नावाला पाठवलेले पाकीट परत आलेले, त्यावर टपालवाल्याचा शेरा : "सदर इसम या पत्त्यावर राहत नाही." तिसऱ्या कुटुंबाने आनंदाने होकार दिला, पण उत्पन्नाचा दाखला दोन वर्षांपूर्वीचा होता आणि नवा मिळेपर्यंत मुदत उलटली. चौथ्या कुटुंबाकडे सगळे कागद एका फाइलमध्ये तयार होते. घर त्यांना मिळाले. पहिली तिन्ही कुटुंबे तितकीच गरजू होती. ती पाकिटे परत येताना पाहणे हा त्या कामातला सर्वांत वाईट भाग होता.

यातूनच यादीविषयीची दुसरी गोष्ट निघते. कागदावर यादी जेवढी लांब दिसते, तेवढी ती प्रत्यक्षात नसते. वर्षे जातात तशी माणसे गाव बदलतात, दुसरीकडे घर घेतात, उत्पन्नाची मर्यादा ओलांडतात, किंवा नुसतीच उत्तर देईनाशी होतात. म्हणून चाळिसावा क्रमांक म्हणजे चाळीस घरे रिकामी होण्याची वाट पाहणे असा हिशोब करू नये. मात्र उलट बाजूही ध्यानात ठेवावी. समजा, शंभर सदनिकांची संस्था आहे आणि वर्षाला चार कुटुंबे घर सोडतात. त्यांतील दोन सदनिका तुम्हाला हव्या त्या आकाराच्या असल्या आणि त्यांपैकी एक आतल्या सभासदाला गेली, तर बाहेरच्या यादीसाठी वर्षाला एकच घर उरते. शिवाय आतला सभासद लहान घरातून मोठ्या घरात गेला की त्याचे लहान घर रिकामे होते आणि बाहेरच्या यादीला तेच मिळते. त्यामुळे मोठ्या सदनिकांची यादी नेहमीच सर्वांत सावकाश सरकते. तुम्ही क्रमांकाऐवजी हे विचारा : गेल्या तीन वर्षांत आमच्या आकाराची किती घरे रिकामी झाली आणि त्यांतील किती बाहेरच्या अर्जदारांना दिली गेली? सचिवांना हा आकडा इतिवृत्तातून सहज काढून देता येतो, आणि नुसत्या क्रमांकापेक्षा त्याने तुम्हाला कितीतरी अधिक कळेल.

घरे इतकी कमी का रिकामी होतात, हा प्रश्नही तुमच्या मनात आला असेल. सभासदाला घर विकून नफा मिळणार नसतो आणि बाहेर पडल्यास दुप्पट भाडे द्यावे लागणार असते. मग तो का सोडेल? जी व्यवस्था घर परवडणारे ठेवते, तीच व्यवस्था यादी लांबवते. प्रतीक्षा कमी करायची तर नवी घरे बांधणे हाच खरा उपाय आहे, आणि ते एकट्या संस्थेच्या हाती नसते. कॅनडात १९७३ च्या कायदेबदलानंतर सहकारी गृहसंस्थांना केंद्र सरकारचे मोठे पाठबळ मिळाले आणि दोन दशकांत हजारो घरे उभी राहिली. १९९२ मध्ये नव्या संस्थांसाठीचा तो कार्यक्रम बंद झाला. तिथल्या जुन्या संस्थांपैकी अनेकांना पुढे नवे अर्ज घेणेच थांबवावे लागले. म्हणून तुमच्या संस्थेची यादी अजून चालू आहे आणि तीत तुमचे नाव आहे, ही गोष्ट क्षुल्लक मानू नका.

उत्तर : काही काळापूर्वी ताबा मिळालेली सभासद

वरील उत्तरातील प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. मी भाडेकरार आणि पैसे या दोनच विषयांवर लिहिते.

दीर्घ मुदतीचा करार करायला हरकत नाही, पण त्यात ठरावीक मुदतीची पूर्वसूचना देऊन घर सोडण्याची मुभा भाडेकरूला असली पाहिजे. घरमालकांना खरे कारण सांगा. भाडेकरू अचानक नाहीसा होणार नाही, एवढी खात्री त्यांना हवी असते; दोन महिने आधी सांगू आणि नवा भाडेकरू शोधायला मदत करू, असे लिहून दिल्यास बरेच जण तयार होतात. ते तयार झालेच नाहीत, तर मुदतीपूर्वी सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल ते करारातच नक्की करून घ्या. ती रक्कम माहीत असली म्हणजे निर्णय सोपा होतो. संस्थेकडून बोलावणे आल्यानंतर उत्तर द्यायला बहुधा काही दिवसच मिळतात, आणि त्या दिवसांत घरमालकांशी वाटाघाटी सुरू करणे फार जड जाते. एक-दोन महिने जुने भाडे आणि नवे शुल्क असा दुहेरी भार पडेल, हेही गृहीत धरा. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने केवळ या दुहेरी भाराच्या भीतीने आलेले घर नाकारले. मला त्याचे अजूनही वाईट वाटते, कारण तो भार तात्पुरता असतो आणि तशी संधी पुन्हा लवकर येत नाही.

भागभांडवलाची रक्कम अशा ठिकाणी ठेवा की ती आठवड्याभरात हाती येईल आणि तिच्या मुद्दलाला धक्का लागणार नाही. शेअर बाजारात किंवा दीर्घ मुदतीच्या ठेवीत ती अडकवू नये. अशा घरावर बँकेकडून नेहमीचे गृहकर्ज मिळेल असेही धरून चालू नका, कारण सदनिका तुमच्या मालकीची नसते आणि ती विकून बँकेला पैसे वसूल करता येत नाहीत. काही देशांनी यावर वेगळा मार्ग काढला आहे. जर्मनीत सहकारी गृहसंस्थेचे भाग घेण्यासाठी केएफडब्ल्यू या सरकारी बँकेची स्वतंत्र कर्जयोजना आहे. तुमच्या संस्थेत भांडवल हप्त्यांनी भरता येते का, हे मात्र आताच विचारून ठेवा. उपविधींमध्ये तशी तरतूद असूनही ती आपणहून कोणी सांगत नाही, असे मी पाहिले आहे.

रक्कम परत कशी मिळते, हेही आधी वाचून घ्या. ऑस्ट्रियातील मर्यादित नफ्याच्या गृहसंस्थांमध्ये प्रवेशाच्या वेळी भरलेल्या बांधकाम-योगदानातून दर वर्षाला एक टक्का वजा होतो आणि उरलेली रक्कम घर सोडताना परत मिळते. जर्मनीतील संस्थांमध्ये भागांची रक्कम सभासदत्व संपल्यावर वर्षाचा ताळेबंद झाल्यानंतर हाती येते, म्हणजे घर सोडल्याच्या दिवशी ती मिळत नाही. प्रत्येक ठिकाणचा नियम निराळा असतो, पण किती, केव्हा आणि कोणत्या वजावटीनंतर मिळणार, हे तीन मुद्दे सर्वत्र विचारण्याजोगे आहेत.

उत्पन्नाच्या मर्यादेविषयीही एक सूचना करते. ती मर्यादा अर्जाच्या दिवशी पाहिली जाते की घर देण्याच्या दिवशी, हे विचारा. पगारवाढीमुळे मर्यादा थोडीशी ओलांडली गेली आणि सगळी प्रतीक्षा वाया गेली, असे होऊ शकते. न्यूयॉर्क राज्यात १९५५ च्या मिचेल-लामा कायद्याखाली उभ्या राहिलेल्या सहकारी वसाहतींमध्ये प्रवेशाच्या वेळी मर्यादा पाळावीच लागते, पण आत आल्यानंतर उत्पन्न वाढले तर घर सोडायला लावत नाहीत, अधिभार घेतात. हा मार्ग मला माणुसकीचा वाटतो. घर मिळाल्यावर कोणी पगारवाढीला घाबरू नये.

घर पाहायला बोलावले की केवळ रंग आणि खिडक्या पाहून येऊ नका. मागील दोन वर्षांचे वार्षिक अहवाल मागा. दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे, छताचे आणि उद्वाहनाचे मोठे काम कधी झाले, संस्थेवर कर्ज किती आहे आणि ते कधी फिटणार, हे त्यांत असते. दरमहा शुल्क कमी दिसत असेल आणि निधी रिकामा असेल, तर पुढे शुल्क वाढणारच. आम्हाला एक घर आधी दाखवले होते, तिथे न्हाणीघराच्या छतावर ओलीचा मोठा पिवळा डाग होता. मी सरळ विचारले, तेव्हा वरच्या मजल्यावरील नळवाहिनी बदलण्याचा ठराव झाला असल्याचे सचिवांनी इतिवृत्त उघडून दाखवले. त्या एका पानाने माझा संस्थेवरचा विश्वास वाढला.

उत्तर : नव्या संस्थेच्या उभारणीत सहभागी असलेला वाचक

आधीच्या दोन्ही उत्तरांतील माहिती मोलाची आहे, पण त्यांचा रोख एकाच दिशेने आहे असे मला वाटते : तयारीत राहा आणि बोलावण्याची वाट पाहा. माझे मत थोडे वेगळे आहे. जिथे वर्षाला एखादेच घर रिकामे होते, अशा जुन्या संस्थेच्या यादीवर सगळी आशा ठेवू नये. तिथले नाव राहू द्यावे, आणि त्याच वेळी जी संस्था अद्याप बांधकामाच्या किंवा नियोजनाच्या टप्प्यावर आहे तिच्याशी जोडून घ्यावे. नव्या इमारतीत सगळी घरे एकदम भरायची असतात. तिथे सुरुवातीपासून सभांना येणाऱ्या कुटुंबाला घर मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

उरुग्वेचे उदाहरण या बाबतीत मला फार महत्त्वाचे वाटते. तिथे १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने सहकारी संस्थांना मान्यता दिली, आणि परस्परसाहाय्याने घर बांधणाऱ्या संस्थांमध्ये प्रत्येक कुटुंब आठवड्याला २१ तास बांधकामावर श्रम देते. १९७० मध्ये अशा संस्थांचा फुकवाम हा महासंघ स्थापन झाला आणि तो आजही काम करतो. तिथेही वाट पाहावी लागतेच. जमीन मिळण्यासाठी, कर्ज मंजूर होण्यासाठी वर्षे जातात. पण ती वर्षे कुटुंबे एकत्र काढतात, एकमेकांना ओळखतात, हिशोब ठेवायला शिकतात. बार्सिलोनात २०१८ मध्ये पूर्ण झालेली 'ला बोर्दा' ही २८ घरांची इमारतही तिथे राहू इच्छिणाऱ्या लोकांनीच उभी केली. जमीन पालिकेची, ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलेली, आणि घरे संस्थेची. हे सगळ्यांना जमेल असे मी म्हणत नाही. ज्यांच्या घरी लहान मूल आणि वृद्ध माणूस आहे, त्यांना आठवड्याला २१ तास कुठून आणायचे हा खराच प्रश्न आहे. पण प्रत्येक नव्या संस्थेत अंगमेहनतीचीच गरज असते असे नाही. पत्रव्यवहार, हिशोब, सभांची इतिवृत्ते अशी कामे करणारी माणसे सर्वत्र कमी पडतात.

जोखीमही सांगितली पाहिजे. नव्या संस्थेत जमीन ताब्यात येण्यापूर्वी मोठी रक्कम भरू नये. सुरुवातीला केवळ सभासदत्वाचे शुल्क घेतले जावे, बाकीची रक्कम स्वतंत्र खात्यात राहावी आणि प्रकल्प रखडल्यास ती परत मिळण्याची लेखी तरतूद असावी. हे तिन्ही नसेल तर त्या संस्थेपासून दूर राहा, मग ती माणसे कितीही चांगली असोत.

आता यादीच्या न्याय्यतेविषयी. आधीच्या सभासदांनी तारखेच्या क्रमाचा उल्लेख केला. अनेकांना तो सर्वांत न्याय्य वाटतो, आणि त्यात तथ्य आहे : जो आधी आला त्याला आधी, हे कोणालाही समजते. पण या क्रमाचा लाभ त्यांना होतो ज्यांना यादी कधी उघडणार हे आधी कळते आणि ज्यांना वर्षानुवर्षे थांबणे परवडते. ओस्लोतील ओबॉस ही १९२९ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था सभासदत्वाच्या ज्येष्ठतेवर घरखरेदीचा अग्रहक्क देते, म्हणून तिथे पालक लहान मुलांच्या नावानेही सभासदत्व घेऊन ठेवतात. ज्याच्या पालकांना हे माहीतच नव्हते, तो तरुण पहिल्याच दिवशी वीस वर्षे मागे असतो. शिवाय नॉर्वेत १९८० च्या दशकात किमतींवरील नियंत्रण उठल्यापासून तो अग्रहक्क बाजारभावानेच बजावावा लागतो. रांग उरली, पण स्वस्ताई उरली नाही. न्यूयॉर्कच्या मिचेल-लामा वसाहतींमध्ये यादी उघडते तेव्हा अर्ज मागवून सोडत काढतात आणि सोडतीच्या क्रमाने नावे यादीत घेतात. त्यामुळे रात्रभर रांगेत उभे राहू शकणाऱ्याला वेगळा फायदा मिळत नाही. माझ्या मते प्रवेशासाठी सोडत आणि त्यानंतर काटेकोर क्रम, ही जोडणी सर्वांत चांगली आहे.

सर्वांत धोकादायक पद्धत ओळखीची. डेन्मार्कमधील सहकारी घरांच्या बाबतीत कायद्याने कमाल किंमत ठरते आणि त्याहून अधिक रक्कम मागणे हा गुन्हा आहे, तरी टेबलाखालून पैसे घेण्याचे प्रकार तिथेही घडले आहेत. घराची अधिकृत किंमत आणि बाहेरचा भाव यांत अंतर पडले की अशा मोहाला जागा मिळते. कोणी तुम्हाला "थोडी व्यवस्था केली तर क्रमांक वर घेता येईल" असे सुचवले, तर ते कधीही मान्य करू नका. पैसे जातील, आणि हे उघड झाल्यावर सभासदत्व रद्द होऊन घरही जाईल. तुमच्यानंतरच्या कुटुंबावर जो अन्याय होईल, तो तर भरून येणारच नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आज आम्ही संस्थेला पत्र पाठवून अर्जाची नोंदलेली तारीख आणि गेल्या तीन वर्षांतील वाटपाचा आकडा मागितला आहे. घरमालकांशीही बोलणे झाले. दोन महिन्यांच्या पूर्वसूचनेला ते तयार आहेत, मात्र पहिले सहा महिने सोडता येणार नाही असे त्यांचे म्हणणे आहे.

एक शंका उरते. सासूबाईंचे नाव अर्जात घालायचे आहे, पण तसे केल्यास आम्हाला तीन शयनकक्षांच्या यादीत ढकलतील आणि ती तर आणखी सावकाश सरकते, असे वरील उत्तरावरून दिसते. पती म्हणतात की घर मिळेपर्यंत गप्प राहावे आणि नंतर त्यांना घेऊन जावे. मला ते योग्य वाटत नाही, पण आमचे नुकसान व्हावे असेही वाटत नाही.

उत्तर : एका संस्थेत प्रतीक्षायादीचे काम पाहिलेला सभासद

ताई, तुमचे मत बरोबर आहे आणि त्यात नुकसान होईलच असे नाही. कुटुंबातील व्यक्ती लपवून घर घेतले तर अर्जातील माहिती खोटी ठरते, आणि बहुतेक उपविधींमध्ये खोटी माहिती हे सभासदत्व रद्द करण्याचे कारण असते. वृद्ध माणसाला घेऊन राहायला जायचे आणि त्याच कारणाने घर गमवायचे, ही जोखीम घेऊ नका.

तीन शयनकक्षांच्या यादीत जावेच लागेल, हेही आधीच गृहीत धरू नका. सदनिकेच्या आकाराबाबत संस्थांचे दोन प्रकारचे नियम असतात : एक, एवढ्या माणसांसाठी कमीत कमी इतक्या खोल्या हव्यात, दुसरा, एवढ्या खोल्यांसाठी कमीत कमी इतकी माणसे हवीत. झुरिचमधील अनेक सहकारी संस्थांमध्ये दुसऱ्या प्रकारचा नियम आहे. खोल्यांच्या संख्येतून एक वजा करून जो आकडा येतो, निदान तेवढी माणसे घरात असली पाहिजेत, म्हणजे चार खोल्यांच्या घरात किमान तिघे. तिथे चौघांनी चार खोल्यांचे घर मागितले तर कोणीही हरकत घेणार नाही. तुमच्या संस्थेचा नियम या प्रकारचा असेल, तर सासूबाईंचे नाव वाढल्याने दोन शयनकक्षांच्या यादीतील तुमच्या स्थानाला धक्का लागण्याचे कारण नाही. आजी आणि नात एका खोलीत राहणार असतील, तर पत्रात तसे स्पष्ट लिहा. नियम पहिल्या प्रकारचा असला, तरी अनेक ठिकाणी अर्जदाराला आपण होऊन लहान घर स्वीकारता येते किंवा दोन्ही आकारांच्या याद्यांत नाव ठेवता येते. आणि सासूबाईंना जिने चढण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडल्यास तळमजल्याच्या किंवा उद्वाहन असलेल्या घरासाठी तुमचा विचार आधी होऊ शकतो. तेवढ्यावर विसंबू नका, पण प्रमाणपत्र जरूर जोडा.

पत्रात एक वाक्य मुद्दाम घाला : कुटुंबातील बदलाची नोंद करताना आमच्या अर्जाची मूळ तारीख कायम ठेवावी. बदल नोंदवताना नवा अर्ज भरून घेतात आणि नकळत नवी तारीख पडते, असे होऊ शकते. पत्राची पोच घ्या, त्यावर संस्थेचा शिक्का आणि दिनांक घ्या. सासूबाईंच्या वास्तव्याचा पुरावा, तुमच्या दोघांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि संपर्कासाठी दुसऱ्या एका नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांकही सोबत द्या.

घरमालकांची सहा महिन्यांची अट मान्य करायला माझ्या मते हरकत नाही. त्या काळात बोलावणे आलेच, तर ताबा काही आठवडे पुढे ढकलता येतो का ते विचारा. घर रिकामे झाल्यावर तपासणी, दुरुस्ती आणि रंगकाम यांत तसाही वेळ जातोच, आणि समितीला अर्जदाराची अडचण आधीच लेखी कळलेली असेल तर ती तारीख जुळवून घेणे त्यांनाही सोपे जाते.